परागाचा नकार आणि तेलबियांचा वंश

मोहरीच्या फुलाची रचना नीट पाहिली, तर स्वतःच्या परागाने बीज धरणे यासारखी सुलभ गोष्ट त्याला दुसरी नसावी, असे कोणासही वाटेल; कारण चार पिवळ्या पाकळ्यांच्या मध्यभागी उभ्या असलेल्या स्त्रीकेसराभोवती सहा पुंकेसरांचे कडे असते, परागकोश फुटले म्हणजे त्यांतील भुकटी वाऱ्याच्या लहानशा झुळकेनेही कुक्षीवर पडू शकते, आणि फुलाफुलांवर फिरणारी मधमाशी तर ती तेथे हमखास पोहोचवते. तरीही उत्तर भारतात तोरिया या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मोहरीवर्गीय पिकाचे एखादे झाड फुलण्यापूर्वी कागदी पिशवीत बंद केले, आणि उमललेल्या फुलांच्या कुक्षींवर त्याच झाडाचा पराग कितीही काळजीपूर्वक लावला, तरी बहुतेक शेंगा पोकळ राहतात. उलट शेजारच्या दुसऱ्या झाडाचा पराग त्याच कुक्षीवर पडला, की तो रुजतो आणि शेंग दाण्यांनी भरते. पराग सजीव असतो, कुक्षी निरोगी असते, बीजांडेही सुस्थितीत असतात. येथे जे घडते तो वंध्यत्वाचा प्रकार नसून ओळख पटल्यानंतर दिलेला नकार आहे, आणि वनस्पतिशास्त्रात त्याला स्वविसंगती असे म्हणतात.

या नकाराची पहिली शास्त्रीय नोंद अठराव्या शतकातली आहे. योसेफ कोलरॉयटर या जर्मन संशोधकाला व्हर्बॅस्कम नावाच्या फुलझाडाची एक जात स्वतःच्या परागाने बीज धरीत नाही, परंतु परक्या परागाने धरते, असे आढळले. पुढे शतकाहून अधिक काळ लोटल्यावर, 1876 मध्ये, चार्ल्स डार्विन याने वनस्पतींतील स्वफलन आणि परफलन यांच्या परिणामांविषयीचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि अनेक वर्षांच्या प्रयोगांच्या आधारे असे दाखवून दिले, की बहुतेक वनस्पतींत स्वफलनाने झालेली प्रजा परफलनाने झालेल्या प्रजेच्या मानाने उंचीला, जोमाला आणि बीजोत्पत्तीला कमी पडते. या निष्कर्षाच्या प्रकाशात फुलाच्या नकाराचा अर्थ स्पष्ट होतो. ज्या वनस्पतीला जागचे हलता येत नाही, आणि जिच्या एकाच फुलात नर व मादी दोन्ही अंगे शेजारी नांदतात, तिने निकटच्या रक्तसंबंधातून येणारा ऱ्हास टाळण्यासाठी केलेला हा बंदोबस्त होय.

पिकाची पैदास करणाऱ्या शास्त्रज्ञासमोर हा बंदोबस्त कधी अडथळा म्हणून उभा राहतो, तर कधी साधन म्हणून हाती येतो. तो कोणत्या झाडात आहे, कोणत्यात नाही, आणि असल्यास कोणत्या प्रकारचा आहे, हे झाड रोपावस्थेत असतानाच ओळखता यावे यासाठी गेल्या काही दशकांत जनुकीय चिन्हके शोधली गेली. या चिन्हकांचे मोल त्यांच्यामागील कारणाच्या ज्ञानाइतकेच असते, त्याहून अधिक नसते, हा या प्रकरणाचा मुख्य प्रतिपाद्य विषय आहे. आणि तेलबियांच्या इतिहासात त्याचे दाखले इतके स्पष्ट आहेत, की ते क्रमाने पाहणे उचित ठरेल.

ओळख कशी पटते

पराग आणि कुक्षी यांच्यामध्ये होणारा निवाडा सर्व वनस्पतींत एकाच पद्धतीने होत नाही. अमेरिकेतील ईस्ट आणि मँगल्सडॉर्फ यांनी 1925 मध्ये तंबाखूच्या जातींवरून असे सिद्ध केले, की तेथे परागकणाच्या स्वतःच्या अंगी असलेल्या एकेरी जनुकावरून तो स्वीकारायचा की नाकारायचा हे ठरते. मोहरीच्या कुळात मात्र न्याय निराळा आहे. तेथे परागकण ज्या झाडावर जन्मला, त्या झाडाच्या दुहेरी जनुकसंचावरून त्याची ओळख ठरते, असे बेटमन या इंग्रज शास्त्रज्ञाने 1950 नंतरच्या दशकात दाखवले. हा फरक वरवर सूक्ष्म वाटला, तरी पैदासकाराच्या दृष्टीने तो फार महत्त्वाचा आहे; कारण झाडात दोन भिन्न ओळखी असताना त्यांपैकी एक प्रबळ ठरून दुसरी दबून राहू शकते, आणि दबलेली ओळख झाडाच्या वर्तनावरून सहसा दिसत नाही.

मोहरीकुळातील ही ओळख एस या नावाच्या एकाच जनुकस्थानावर साठवलेली असते. कॉर्नेल विद्यापीठात नसरल्ला आणि वॉलेस यांना 1967 मध्ये कोबीच्या कुक्षींत, झाडाच्या एस-प्रकाराप्रमाणे बदलणारी प्रथिने सापडली. त्या धाग्याचा माग घेत जून नसरल्ला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1985 मध्ये त्यांपैकी एका प्रथिनाचे जनुक हस्तगत केले. आणि 1991 मध्ये त्याच स्थानावरचे आणखी एक जनुक उजेडात आले, ज्याचे प्रथिन कुक्षीच्या पृष्ठपेशींच्या आवरणात आरपार बसलेले असते व बाहेरचा संदेश घेऊन आत पोहोचवते. स्त्रीपक्षाचा ग्राही तो हाच. पुरुषपक्षाचा प्रतिनिधी सापडायला मात्र 1999 साल उजाडावे लागले. अमेरिकेतील आणि जपानमधील संशोधकांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले, की परागकोशाच्या अंतःस्तरात तयार होऊन परागकणाच्या बाह्य लेपात मुरणारे एक अगदी लहान प्रथिन ही त्याची खरी ओळख होय. हे प्रथिन परागकणाच्या नव्हे, तर मातृवृक्षाच्या पेशी बनवतात, आणि म्हणूनच परागावर सबंध झाडाचा शिक्का बसतो.

परागकण कुक्षीवर टेकला, की त्याच्या लेपातील हे लहान प्रथिन कुक्षीच्या ग्राहीला जाऊन भिडते. दोन्ही एकाच एस-प्रकाराची असतील, तरच ती परस्परांत नेमकी बसतात. ती बसली म्हणजे कुक्षीच्या पेशीत संदेशांची एक मालिका सुरू होते, परागकणाला रुजण्यासाठी लागणारे पाणी नाकारले जाते, आणि एखादी परागनलिका निघालीच तरी तिला आत शिरू दिले जात नाही. प्रकार भिन्न असले, तर ग्राही स्वस्थ राहतो आणि पराग नेहमीप्रमाणे रुजतो. स्त्रीपक्षाचे आणि पुरुषपक्षाचे जनुक गुणसूत्रावर एकमेकांच्या अगदी निकट असून पिढ्यान्‌पिढ्या जोडीनेच उतरतात. ती जोडी फुटली तर आपपरभावाची सारी व्यवस्थाच कोसळेल. अशा जोड्यांचे असंख्य प्रकार निसर्गाने जपले आहेत, आणि एकट्या कोबीच्या जातीत त्यांची संख्या पन्नासच्या आसपास मोजली गेली आहे.

या प्रकारांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात, आणि परागाच्या बाजूने पहिला वर्ग दुसऱ्यावर प्रबळ ठरतो. हे प्राबल्य कसे चालते, याचा उलगडा 2010 मध्ये जपानमधील नारा येथील संशोधकांनी केला. प्रबळ प्रकाराच्या शेजारून एक अत्यल्प लांबीचा आरएनए निर्माण होतो, आणि तो दुबळ्या प्रकाराच्या पुरुष-जनुकाच्या नियंत्रणभागावर रासायनिक मोहोर उमटवून त्याला मूक करतो. दुबळे जनुक नष्ट होत नाही, बिघडतही नाही. केवळ त्याचा हुकूम चालत नाही. ही गोष्ट वाचकाने लक्षात ठेवावी, कारण पुढे येणाऱ्या एका कोड्याची उकल हिच्यावरच अवलंबून आहे.

अडथळा आणि साधन

शुद्ध वंश तयार करून त्यांच्या संकरातून जोमदार पीक मिळवणे, ही आधुनिक पैदासशास्त्राची राजरोस वाट होय. परंतु शुद्ध वंशासाठी झाडाचे स्वफलन अनेक पिढ्या घडवावे लागते, आणि स्वविसंगत झाड तर त्यालाच नकार देते. हा नकार चुकवण्याची एक युक्ती फार जुनी आहे. फूल उमलण्याच्या दोन-चार दिवस आधी कळीतील कुक्षी पराग रुजवण्याइतकी पक्व झालेली असते, पण नकाराची यंत्रणा तिच्यात अजून पुरती जागी झालेली नसते. त्या अवधीत चिमट्याने कळी उघडून त्याच झाडाचा पराग लावला, तर बीज धरते. कर्बवायूचे प्रमाण वाढवलेल्या बंदिस्त जागेत झाडे ठेवून, किंवा फुलांवर मिठाचे पाणी फवारूनही हा नकार काही अंशी शिथिल करता येतो.

एकदा असे वंश हाती आले, की तोच अडथळा साधन बनतो. भिन्न एस-प्रकाराचे दोन स्वविसंगत वंश शेजारच्या ओळींत लावले, तर कोणतेही झाड स्वतःच्या किंवा आपल्या वंशबंधूंच्या परागाने बीज धरीत नाही, आणि दोन्ही ओळींत पडणारे बी संकरितच असते. पुंकेसर खुडण्याचे काम करावेच लागत नाही. जपानी बीजसंस्थांनी 1950 च्या सुमारास याच तत्त्वावर कोबीचे संकरित वाण बाजारात आणले. भाजीच्या बियाण्याला भाव चांगला मिळतो आणि ते लागतेही थोडे, म्हणून कळ्या उघडून परागण करण्याचा खर्च तेथे परवडतो. तेलबियांचे पीक मात्र लाखो हेक्टरांवर पेरायचे असते, आणि त्याच्या मातृवंशाचे बी मजुरांच्या बोटांनी कळी कळी उघडून पुरवणे कोणत्याही हिशेबात बसत नाही.

चीनमधील वूहान येथील कृषी विद्यापीठात फू तिंगतोंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेपसीड या तेलबियांच्या पिकासाठी यावर तोड काढली. स्वविसंगत मातृवंशाबरोबर त्यांनी एक पोषक वंश निवडला, ज्याच्या परागाने मातृवंशावर बी भरपूर धरते आणि तरी त्या बियांपासून होणारी झाडे स्वविसंगतच निपजतात. तिसरा वंश असा, की ज्याच्या संकरातून शेतकऱ्याच्या शेतात स्वफलनक्षम, भरघोस शेंगांचे पीक उभे राहते. ही तीन वंशांची तजवीज कागदावर सुबक दिसते. परंतु नवे मातृवंश आणि नवे पोषक वंश घडवताना प्रत्येक पिढीतील शेकडो झाडांपैकी हवी ती झाडे निवडण्याचा प्रश्न उरतोच. जुन्या रीतीने हे समजण्यासाठी झाड फुलेपर्यंत थांबावे लागे, फांद्यांवर पिशव्या बांधाव्या लागत, आणि मग शेंगांतील दाणे मोजावे लागत. त्यातच उष्णतेने नकार शिथिल होतो, म्हणून एखाद्या उबदार आठवड्यात घेतलेली नोंद दिशाभूल करणारी ठरे. आणि दबलेला जनुकप्रकार तर दाणे मोजूनही कळत नसे.

चिन्हकाचे स्वरूप

जनुकीय चिन्हकाची कल्पना शेताच्या हद्दीवर पुरलेल्या दगडावरून चांगली समजते. दगड म्हणजे जमीन नव्हे, त्यात पीकही येत नाही. पण तो हललेला नसेल, तर त्यावरून जमीन कोठे सुरू होते हे निश्चित सांगता येते. गुणसूत्रावरही अशा जागा असतात, जेथे डीएनएच्या अक्षरमालेत दोन झाडांमध्ये काही भेद आढळतो. तो भेद हव्या त्या जनुकाच्या जवळ असेल, तर जनुक आणि भेद सामान्यतः एकत्रच पुढच्या पिढीत उतरतात, आणि पानाच्या लहानशा तुकड्यातून डीएनए काढून भेद तपासला, की जनुकाचा दाखला मिळतो. अंतर जितके अधिक, तितकी गुणसूत्रांच्या अदलाबदलीत ही जोडी तुटण्याची शक्यता अधिक. शंभर अपत्यांमागे सरासरी एकात जोडी तुटते, त्या अंतराला एक सेंटिमॉर्गन म्हणतात.

अशी जवळची खूण शोधण्याची एक सोपी रीत कॅलिफोर्नियातील मायकेलमोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1991 मध्ये सॅलडच्या पिकावर मांडली. एकाच संकरातील ज्या झाडांत गुण आहे त्यांचा डीएनए एका ठिकाणी, आणि ज्यांत नाही त्यांचा दुसऱ्या ठिकाणी एकत्र करावयाचा. इतर सर्व बाबतींत दोन्ही मिश्रणे सरासरीने सारखीच येतात, आणि त्यांच्यात जो ठळक भेद दिसतो तो त्या गुणाच्या आसपासचाच असतो. वूहानच्या संशोधकांनी रेपसीडमधील स्वविसंगतीच्या शोधासाठी असेच दूरच्या खुणांकडून जवळच्या खुणांकडे सरकत जाऊन, 2008 मध्ये साध्या पॉलिमरेज साखळी अभिक्रियेने वाचता येतील अशी चिन्हके प्रसिद्ध केली. रोपाला दोन-चार पाने फुटताच निवड करता येऊ लागली, आणि प्रत्येक पिढीमागे एका हंगामाचे अनिश्चित श्रम वाचले.

वेस्टारचे कोडे

रेपसीड हे पीक मुळात दोन जातींच्या संकराने झाले. मोहरीकुळातील सहा पिकांचे नाते 1935 मध्ये नागाहारू यू यांनी त्रिकोणाच्या रूपात मांडले, आणि तोरियाच्या जातीची दहा व कोबीच्या जातीची नऊ गुणसूत्रे एकत्र येऊन एकोणीस जोड्यांचे रेपसीड झाले, हे प्रत्यक्ष संकर करून दाखवले. आता तोरियाही स्वविसंगत आणि कोबीही स्वविसंगत. मग त्यांचे अपत्य असलेले रेपसीड मात्र स्वतःच्या परागाने निर्वेध बी कसे धरते? प्रयोगशाळेत दोन्ही जातींचा नव्याने संकर केला, तर निपजणारे रेपसीड आपल्या पूर्वजांसारखेच नकार देते. तेव्हा हा गुण संकरातून आपोआप आलेला नसून, मागाहून झालेल्या काही फेरफाराचा तो परिणाम असला पाहिजे.

ओकामोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 मध्ये या कोड्याचा छडा लावला. वेस्टार नावाच्या प्रसिद्ध कॅनेडियन वाणात त्यांना दोन एस-प्रकार आढळले. तोरियाकडून आलेला पहिल्या वर्गाचा, म्हणजे प्रबळ, आणि कोबीकडून आलेला दुसऱ्या वर्गाचा, म्हणजे दुबळा. वेस्टारच्या कुक्षीवर या दोन्ही प्रकारांचा पराग मूळ जातींच्या झाडांवरून आणून लावला असता ती तो नाकारी. पण वेस्टारचा पराग त्या झाडांच्या कुक्षींवर लावला असता तेथे तो रुजे. म्हणजे स्त्रीपक्ष पूर्ण जागृत होता, आणि मौन होते ते पुरुषपक्षाचे. प्रबळ प्रकाराच्या पुरुष-जनुकाच्या नियंत्रणभागात सुमारे 3,600 अक्षरांचा एक परका तुकडा शिरलेला होता, आणि त्याने ते जनुक निकामी केले होते. दुबळ्या प्रकाराच्या जनुकाची अक्षरमाला सर्वस्वी शाबूत होती, तरी प्रबळ प्रकाराकडून होणारी दाबणी चालूच राहिल्यामुळे तेही मूक होते. स्वतः बोलू न शकणारा प्रबळ दुसऱ्यालाही बोलू देत नव्हता, आणि त्या दुहेरी मौनातून जगातील एक मोठे तेलबियांचे पीक स्वफलनक्षम झाले. हा तुकडा गुणसूत्रावर जागा बदलणाऱ्या जनुकांच्या जातीचा आहे, असे पुढे 2016 मध्ये वूहानच्या संशोधकांनी दाखवले.

येथे चिन्हकाच्या स्वरूपातच पालट झाला. परक्या तुकड्याची उपस्थिती तपासणारी चाचणी जनुकाच्या शेजारची खूण वाचत नाही, ती कारणच वाचते. अदलाबदलीने तुटेल असे अंतर तेथे शिल्लकच राहत नाही. परंतु त्याच संशोधनाने एक सावधगिरीही शिकवली. रेपसीडच्या निरनिराळ्या वाणांत सहा एस-जनुकरूपे आढळली, आणि स्वफलनक्षमता आणणारे बिघाड सर्वत्र एकच नव्हते. 3,600 अक्षरांच्या तुकड्यावर विसंबून राहणारा पैदासकार वेस्टारच्या वंशजांत अचूक ठरेल. अन्य घराण्यातील वाणांत तीच चाचणी त्याला चुकीचा दाखला देईल.

भारतीय पिवळ्या सरसोंचा पुरावा याहूनही बोलका आहे. बिहार, बंगाल आणि आसामकडे होणारे हे पीक तोरियाच्याच जातीचे, आणि तरीही स्वफलनक्षम. तपासाअंती त्यात स्त्रीपक्षाचे आणि पुरुषपक्षाचे, अशी दोन्ही एस-जनुके बिघडलेली आढळली. शिवाय एस-स्थानाशी संबंध नसलेल्या दुसऱ्याच एका जनुकातही दोष सापडला. या दुसऱ्या जनुकाचा शोध जपानी संशोधकांनी 2004 मध्ये प्रसिद्ध केला, आणि कुक्षीतील ग्राहीचा संदेश पुढे नेण्यात त्याचा हात असतो, हे ज्ञान जगाला आपल्याकडील या पिकामुळे मिळाले. एस-स्थानावरची कोणतीही खूण या दुसऱ्या दोषाविषयी काही सांगू शकत नाही. एकच गुण अनेक कारणांनी येऊ शकतो, आणि चिन्हक त्यांपैकी एकाच कारणाचा साक्षीदार असतो. म्हणून नव्या वंशात चिन्हक वापरण्यापूर्वी झाडाला पिशवी बांधून दाणे मोजण्याची जुनी परीक्षा एकवार घेणे अपरिहार्य आहे.

सह्याद्रीच्या उतारावरचे पीक

महाराष्ट्राच्या दृष्टीने या विषयाचे अगत्य मोहरीपेक्षा कारळ्यामुळे अधिक आहे. खुरासणी या नावानेही ओळखले जाणारे हे पीक इगतपुरी, पेठ, सुरगाणा या भागांतील हलक्या, उताराच्या जमिनींवर आदिवासी शेतकरी पावसाळ्यात घेतात. त्याचे तेल घाण्यावर निघते, आणि त्याची चटणी घराघरांत होते. कारळ्याचे मूळ स्थान इथिओपिया, आणि कुळ सूर्यफुलाचे. तेही कडवे स्वविसंगत आहे, आणि त्याच्याही परागाची ओळख मातृवृक्षाच्या जनुकसंचावरून ठरते. परंतु सूर्यफूलकुळातील ही व्यवस्था मोहरीकुळाहून स्वतंत्रपणे उत्क्रांत झालेली असल्यामुळे मोहरीची चिन्हके येथे उपयोगी पडत नाहीत. सूर्यफुलातील स्वविसंगतीचे स्थान त्याच्या सतराव्या जोडगटावर, म्हणजे जोडीने उतरणाऱ्या जनुकांच्या सतराव्या गटात, आहे, हे 2005 मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी निश्चित केले. इथिओपियातील संग्रहांमधून स्वफलनक्षम कारळा निवडण्याचे काम स्वीडनमधील अल्नार्प येथे गेलेता आणि ब्रिंगेल्सन यांनी केले, आणि ते 2010 मध्ये प्रसिद्ध झाले.

स्वविसंगतीमुळे कारळ्याचा प्रत्येक वाण ही एक मिश्र प्रजा असते. शेतातील कोणतीही दोन झाडे जनुकांनी सारखी नसतात, आणि मधमाश्या न फिरकल्या तर बोंडांत दाणे भरत नाहीत. इगतपुरीच्या कृषी संशोधन केंद्रातून आलेला सह्याद्री हा वाणही याच जातीचा. अशा पिकात चिन्हकांचा उपयोग दोन दिशांनी होऊ शकेल. स्वफलनक्षम वंश घडवायचे असल्यास ती क्षमता देणारे जनुक पिढ्यान्‌पिढ्या सांभाळण्यासाठी चिन्हक हवे. त्यात मधमाश्यांवरचे अवलंबन कमी होईल, मात्र स्वफलनाने येणारा ऱ्हास सोसणारे वंश निवडून घ्यावे लागतील. दुसरी दिशा मला अधिक महत्त्वाची वाटते. मोजक्याच झाडांचे बी धरून वाण पुढे नेला, तर एस-प्रकारांची संख्या घटते, शेजारशेजारची झाडे एकमेकांना नाकारू लागतात, आणि जमीन, पाऊस व मधमाश्या सारे अनुकूल असूनही उत्पन्न खालावते. प्रजेत किती एस-प्रकार उरले आहेत, याची मोजणी चिन्हकांनी करता आली, तर बीजोत्पादनासाठी किती झाडे राखावीत आणि कोणत्या गावचे बी त्यांत मिसळावे, हे अंदाजावर न सोडता पुराव्याने ठरवता येईल.

मोहरीकुळातील ज्ञान कुक्षीतील एका प्रथिनापासून सुरू होऊन चाळीस वर्षांत एका तुकड्याच्या नेमक्या अक्षरांपर्यंत पोहोचले, ते त्या पिकांमागे मोठी विद्यापीठे आणि मोठ्या बाजारपेठा उभ्या होत्या म्हणून. कारळ्यामागे तसे बळ नाही, आणि त्याचा शेतकरी संशोधनाची मागणी करण्याइतका संघटितही नाही. तरीही ज्या पिकात पीक येणे न येणे परागाच्या ओळखीवरच अवलंबून आहे, त्याच पिकात ती ओळख वाचण्याची विद्या सर्वाधिक उपकारक ठरणार. आणि परक्या पिकाची चिन्हके उसनी घेऊन ते काम होणार नसल्यामुळे, आपल्या डोंगरउतारांवरील कारळ्याची झाडे पिशव्यांत बांधून, त्यांचे दाणे मोजून, त्यांच्याच जनुकांतून त्यांची चिन्हके शोधणे हे आपल्या कृषी संशोधनाचे उचित आणि तातडीचे कर्तव्य आहे.